भाऊंच्या हॉलमधल्या बाई

भाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, बोटभर लांबीची लेव्हल असे. गवंडी वापरतात तसली, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. सगळी नोकरी घाटातल्या रेल्वेरुळांवर झालेली, गँगचे मुकादम म्हणून निवृत्त झालेले. रूळ वाकडा राहिला तर गाडी घसरते आणि फोटो वाकडा राहिला तर घर, असं त्यांचं मत होतं आणि ते यावर कुणाशी वाद घालत नसत. सरळ उठत, फोटोच्या चौकटीवर लेव्हल ठेवत, बुडबुडा मधोमध आला की खाली बसत आणि मग म्हणत, "हां, आता बोला."

वरच्या आळीतले पाटील वारले तेव्हाही त्यांनी हेच केलं. घर माणसांनी भरलेलं, बायकांचं रडणं चाललेलं, आणि हार घातलेला पाटलांचा फोटो डावीकडे कललेला. भाऊ दारातून आत आले, चपला काढल्या, गर्दीतून वाट काढत भिंतीशी गेले आणि खिशातून लेव्हल काढली. कुणीतरी "अवो भाऊ…" म्हणेपर्यंत त्यांनी फोटो सरळ केला होता. मग ते पाटलांच्या बायकोपुढे बसले आणि ढसाढसा रडले, कारण पाटील आणि ते एकाच बाकावर शिकलेले. पाटील म्हणजे गावातला नंबर एकचा वाकडा माणूस. त्यांची बायको डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, जित्तेपनी त्यांना सरळ करायला कुनाला जमलं न्हाई. तुमी केलं." रडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मी या माणसाची भाडेकरू होते. आंबीच्या बाजूला एका कॉलेजात नवीनच शिकवायला लागले होते आणि वराळ्यात खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलं, रेल्वेवाल्या भाऊंकडे वरची खोली रिकामी आहे, पण माणूस जरा वेगळा आहे. मी गेले. भाऊंनी दार उघडलं, हॉलमध्ये नेलं आणि मी समोरच्या खुर्चीवर टेकणार एवढ्यात म्हणाले, "तितं न्हाई म्याडम, हितं बसा. तितं बसलं की बाईंना पाठ व्हती."

मला वाटलं आत कुणी बाई आहेत. मी सांगितलेल्या खुर्चीवर बसले आणि वर बघितलं. एका भिंतीशी कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती होती, पुढे ताजी फुलं. आणि तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, सोनेरी रंग उडालेल्या जाड चौकटीत, एक मोठं तैलचित्र. कमरेपर्यंतची बाई. उंच कमरेचा झगा, खांद्यावर शाल, कपाळावर कुरळ्या बटा, डोक्यावर झालरीची टोपी. कपड्यांवरून सरळ मडम. पण चेहरा सावळा, तांबूस सावळा, दिवसभर उन्हात राबून नुकत्याच घरी आलेल्या बाईसारखा. एका हातात काहीतरी धरलेलं होतं, ते काळोखात बुडालेलं.

भाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, ह्या म्याडम. कालिजात शिकिवत्यात. खोली बघायला आल्यात."

मग त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ठीक हाय. कवा येताय ऱ्हायला?"

मी दुसऱ्याच आठवड्यात सामान आणलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच वाटलं, की ज्या घरात भिंतीवरच्या बाईला विचारून खोली देतात तिथे आपल्यालाही बरं वागवतील.

बाई कशा आल्या ते गावात सगळ्यांना पाठ होतं. भाऊ घर बांधत असताना जुनी सागवानी दारं बघायला लोणावळ्याला गेले होते. वरच्या अंगाला एक जुना बंगला पाडायला काढला होता. दारांचा सौदा झाला, आणि निघताना भाऊंना भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक मोठी चौकट दिसली. त्यांनी ती फिरवली. फिरवली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. बंगल्याचे मालक, एक म्हातारे पारशी गृहस्थ, म्हणाले की आजोबांनी बंगला घेतला तेव्हा खुर्च्या-टेबलांबरोबर ही पण आली. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. काळी पडलीय, कुणी घेत नाही.

"कुनी न्हेत न्हाई?"

"कोणी नाही."

"मग मी न्हेतो."

टेम्पोत दारं आडवी घातली आणि भाऊ मागे बाईंना धरून उभे राहिले. जुन्या हायवेने टेम्पो खाली येत होता आणि रस्त्याकडेची माणसं उगाच हात जोडत होती. कुणाला वाटलं देवी चाललीय, कुणाला वाटलं कुणाच्या तरी म्हातारीचा फोटो. घरी मावशी, म्हणजे भाऊंची बायको, दारात आली. तिने बाईंकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि काही न बोलता आत गेली. गावाने याचा अर्थ मावशी रागावली असा लावला. मीही तसाच लावला होता. कारण मी राहायला आल्यावरही बघत होते, की मावशी हॉलमधून जाताना नेहमी डोकं झाकून, भरभर जाते. एरवी स्वयंपाकघरात तिची टकळी थांबायची नाही, हॉलमध्ये आली की गप्प.

भाऊंचं उलट. सकाळी वंदना झाली की बुद्धासमोरून उठून ते बाईंसमोर बसत, बशीत चहा ओतत आणि गावाची बातमी सांगत. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुठल्या शेतात नवीन कारखान्याची भिंत आली. तिच्यासाठी घराचे नियम होते. फोडणी देताना हॉलचं दार बंद. उदबत्ती बाहेरच्या ओट्यावर. पश्चिमेच्या खिडकीला पडदा, कारण "उजेड पायजे, ऊन नको." हे वाक्य बाईंपासून सुरू झालं आणि मग भाऊंनी ते सगळ्याला लावलं. पोरीच्या सासरी किती जावं? उजेड पायजे, ऊन नको. शेजाऱ्याशी किती बोलावं? तेच. एकदा मी परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यांवर चिडून बोलत होते, तेव्हा मलाही तेच ऐकायला मिळालं.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवाल्याला बाईंबद्दल कुणी सांगितलं. तो मोठ्या गाडीतून आला, चित्रासमोर उभा राहिला, आमच्या रिसेप्शनमध्ये फार शोभेल म्हणाला, तुम्ही म्हणाल ते देतो म्हणाला. भाऊंनी त्याला चहा पाजला, पोहे खायला घातले आणि निरोप देताना म्हणाले, "बाई कामाला जात न्हाईत."

पावसाळा मात्र बाईंना सोसायचा नाही. मावळातला पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी. म्हणून भाऊ चित्राच्या मागे एक मोठा विजेचा दिवा लावून ठेवत, ओल धरू नये म्हणून. जूनमध्ये लावलेला दिवा दसऱ्यालाच विझायचा. एका पावसाळ्यात मी कॉलेजातून आले तर भाऊ हॉलच्या फरशीवर गुडघे टेकून बसलेले. हातात काड्यापेटी. फरशीवरून काहीतरी नखाने उचलून पेटीत ठेवत होते.

"म्याडम, बाईंची साल निघतीया."

खांद्यापाशी रंगाचे पापुद्रे सुटले होते. भाऊंचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने पत्ता दिला. पुण्यात पेठेत एक बाई जुनी चित्रं दुरुस्त करतात. आम्ही बाईंना चादरीत गुंडाळून, गाडी करून त्यांच्याकडे नेलं. भाऊ त्यांना पहिल्या मिनिटापासून डॉक्टरीणबाई म्हणायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी चित्र टेबलावर आडवं घेतलं, भिंग लावून बघितलं, मागची बाजू बघितली आणि विचारलं, "मागे काय ठेवत होता?"

"दिवा. पावसाळाभर."

"भाजलंत तुम्ही हिला, भाऊ."

भाऊंनी मान खाली घातली. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकाने घालावी तशी. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. झगा, बटा, टोपी बघता चित्र दोनशे वर्षांमागचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं असावं. कुणा सुखवस्तू घरातली स्त्री, काढणाराही बरा चित्रकार. सुटलेला रंग परत बसवता येईल. पण वरचं रोगण, म्हणजे व्हार्निश, म्हातारं होऊन काळं पडलंय, त्यावर धूर बसलाय, आणि ते आकसून खालचा रंग ओढतंय. ते काढावं लागेल.

"काढा की," भाऊ म्हणाले.

पुढे दर गुरुवारी भाऊ पुण्याला जायला लागले. आजाऱ्याला भेटायला जावं तसे, हातात डबा. डबा डॉक्टरीणबाईंसाठी. मावशी भाकरी, पिठलं, कधी वांग्याचं भरीत देई. एका गुरुवारी मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. सुटलेला रंग बसवून झाला होता आणि त्या दिवशी सफाई सुरू करायची होती. डॉक्टरीणबाईंनी काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा द्रावात बुडवला आणि चित्रातल्या कपाळावर, बटेच्या खाली, हळूहळू फिरवला. कापूस चहासारखा तपकिरी झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. आणि त्या तेवढ्याशा जागी खालून कातडीचा खरा रंग वर आला. गोरा. सायीसारखा, त्यात किंचित गुलाबी.

मी "अरे वा!" म्हणाले. भाऊ उठून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. आज ऱ्हाऊ द्या."

आम्ही दुपारच्या लोणावळा गाडीने परत निघालो. डब्यात फारसं कुणी नव्हतं. देहूरोडपर्यंत भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. बेगडेवाडीला गाडी थांबली तेव्हा ते माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"माझी आई मी रांगत असतानाच गेली. आत्तीनं वाढिवलं मला. बापाची भन. खडी फोडायची रेल्वेची. गावात विहार बांधायला काढला तवा डोक्यावरनं वाळू व्हायली तिनं. मला मुकादम झालेलं बगितलं अन् गेली. तिचा फोटो न्हाई, म्याडम. एक न्हाई. कुनी काढलाच न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "बंगल्यात ती भिंतीकडं तोंड करून व्हती. मी फिरिवली, अन् आत्ती. तोच रंग. तेच बगनं. मडमेचे कपडे घालून आत्ती बसल्याली."

मग मी म्हटलं की डॉक्टरीणबाईंनी सफाईच्या आधीचे फोटो काढून ठेवले आहेत, ते मोठे करून घेता येतील.

"घेटले मी बगून," भाऊ म्हणाले. "फोटोत ती बगत न्हाई."

त्या रात्री जेवायला मला खालीच बोलावलं होतं. भाऊंनी ताटाकडे बघत मावशीला सगळं सांगितलं. चित्र धुतलं नाही तर रंग पुन्हा सुटणार. धुतलं तर आत्ती जाणार. मावशी तव्यावर भाकरी उलटत ऐकत होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"त्या आत्याबाई हायेत त्ये. पैल्या दिवशीच वळिकलं मी, टेम्पोतनं उतरवताना. उगं डोक्यावर पदर घेत व्हते व्हय हॉलमदी? सासूच माझी ती. तिच्याम्होरं कसं बोलायचं?"

भाऊ तोंडात घास धरून तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं दोघांनी एकाच माणसाला भिंतीवर पाहिलं होतं आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मावशीने भाकरी भाऊंच्या ताटात टाकली. "अवो, आत्याबाईंला जलमभर कुनी निवांत तोंड धुवू दिलं न्हाई. खडीवरनं यायच्या, हात धुवायच्या अन् चुलीपाशी बसायच्या. आता कुनी कापसानं तोंड धुतंय त्यांचं, तर धुवू द्या की. कुनाला तोंड धुवायला नको म्हनायचं असतं व्हय?"

भाऊंनी ताटातली भाकरी संपवली. मग त्यांनी अजून एक भाकरी मागितली. तेव्हा मी समजले की ठरलं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी विचारलं, खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन न धुता ठेवू का, आठवण म्हणून? बरेच जण ठेवतात. भाऊ म्हणाले, "नको. धुवायचं तर समदं धुवा."

बाई घरी आल्या त्या दिवशी अर्धं गाव हॉलमध्ये जमलं होतं. चादर काढली आणि सगळे वाकून बघायला लागले. शाल लाल होती, आम्हाला इतकी वर्षं काळी वाटलेली. झग्याची पट्टी आकाशी. गाल भरलेले, नाक जरा मोठं, आणि आम्ही ज्याला गंभीर तोंड समजत होतो ते हसू दाबलेलं तोंड होतं. हातातली वस्तू कुणी पुस्तक म्हणे, कुणी पंखा म्हणे, तो निघाला हातमोजा. एका हातात घातलेला, दुसरा काढून धरलेला.

"म्हंजी कुटं निघालीया का आलीया?" कुणीतरी विचारलं.

मावशी पुढे होऊन निरखत होती. पहिल्यांदाच, डोक्यावर पदर नसताना. "आलीया," ती म्हणाली. "निघालेल्या बाईचं तोंड असं नसतं."

भाऊंनी चित्र टांगलं, लेव्हल लावली, सगळ्यांना पेढे दिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन हॉलमध्ये बसले नाहीत, ओट्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. बाईंसमोरून जाताना ते आता अनोळखी पाहुणीसमोरून जावं तसे अंग चोरून जात. मी एकदा विचारलं, "भाऊ, चुकलं का आपलं?"

"न्हाई म्याडम. चांगलं झालं. ती तिची झाली." बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं आत्ती जाईल. तर उलटंच. आता डोळं मिटलं की दिसती. पैलं भिंतीकडं बगाया लागायचं. बगता बगता मी तिचं खरं तोंड इसराया लागलो व्हतो, आत्तीचं. झालर दिसायची टोपीची. आता टोपी गेली."

ते खूश दिसत होते. ओट्यावरून रस्ता दिसायचा आणि जाणारा-येणारा थांबून बोलायचा. बाईंना सांगायच्या बातम्या आता ते थेट माणसांनाच सांगायला लागले, आणि माणसंही त्यांना सांगायला लागली. भाऊंचा ओटा हे गावातलं एक ठिकाणच होऊन बसलं.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मी पुण्यात राहायला आले. फोन चालू असतात. परवाच्या रविवारी मी वराळ्याला जाऊन आले. भाऊ आता थकलेत, काठी घेतात, पण लेव्हल खिशात आहे. दुपार होती. ओट्यावर त्यांनी माझं स्वागत केलं आणि मी दाराकडे वळले तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून मावशीचा आवाज येत होता. मी दाराच्या फटीतून बघितलं. मावशी हॉलमध्ये फरशीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी. निवडत होती आणि भिंतीकडे बघून बोलत होती. स्वयंपाकघरातली टकळी हॉलमध्ये आली होती. गुडघे कसे दुखतात, शेजारणीची सून कशी चांगली निघाली, मेथी कशी जून आलीय. भाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "रोज चालतं. जेवनं झाली की. तिला मैत्रीन न्हवती, म्याडम. माझ्या ध्यानातच न्हाई आलं कधी."

आत मावशी जराशी थांबली. मग आवाज खाली आणून, गोष्ट गुपिताची असावी तशी, म्हणाली, "आमचे ह्ये लय चांगले हायेत, बाई. तसा मानूस मिळायचा न्हाई. पर त्येंच्या तोंडावर बोलायचं न्हाई, डोक्यावर बसत्यात."

मी भाऊंकडे बघितलं. ते दारापाशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, कान लावून. चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा झाला होता. मी आत जायला पाऊल उचललं, तर त्यांनी माझा हात धरला.

"चला म्याडम, जरा रस्त्यानं फिरून येऊ," ते कुजबुजले. "तिचं अर्ध्यात नको मोडायला."

आणि चपला हातात घेऊन, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून, ते अनवाणीच ओट्याच्या पायऱ्या उतरले.